सर्वांत मोठी बोली लावणाऱ्यालाच जागा देऊ नका: जागामालकांना खुलं पत्र

प्रति,
शॉपिंग सेंटर, मॉल आणि रस्त्यालगतच्या व्यापारी जागांचे मालक,
तसंच त्यांच्या वतीने भाडेकरू ठरवणारी लीझिंग मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

कोपऱ्यावरची मोठी जागा रिकामी झाली की तुमच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तिथे एखादं इटालियन बसवून टाकू." कपड्यांचं दुकान गेलं की इटालियन, पुस्तकांचं गेलं की इटालियन, बँकेने शाखा हलवली तरी इटालियन. मी रेस्टॉरंटवाल्यांच्या बाजूने भाडेकरार वाचतो, म्हणजे वाटाघाटीच्या टेबलाशी तुमच्या समोर बसतो. त्यामुळे हे पत्र एकांगी आहे, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. पण शटर खाली आलं की नुकसान दोघांचंही होतं, आणि पुन्हा नवा भाडेकरू शोधत फिरण्याची पाळी तुमच्यावरच येते.

तुमची निवड मुळात चुकीची नाही, हे आधीच मान्य करतो. दुकानाच्या जागेत बसणाऱ्या सगळ्या खाद्यप्रकारांत इटालियन स्वयंपाकाचं गणित सर्वांत सोपं आहे. मैदा, टोमॅटो, चीज, तेल; महागडं मांस किंवा मासळी नसली तरी मेन्यूकार्ड भरून दिसतं. कच्च्या मालाचा खर्च कमी असल्याने प्रत्येक ताटलीमागे हातात जास्त उरतं, आणि त्या उरलेल्यातूनच भाडं निघतं. शिवाय आठ जणांचा घोळका जेवायला निघाला की त्यातल्या एकाला तिखट चालत नाही, एक शाकाहारी, दोन लहान मुलं, एक आजोबा. अशा घोळक्यात कुठे जायचं हे सर्वांत आवडीचं ठिकाण कोणतं यावरून ठरत नाही, कोणीच "नको" म्हणणार नाही असं ठिकाण कोणतं यावरून ठरतं. इटालियनला "नको" म्हणणारा विरळा. दुपारचं जेवण, संध्याकाळची कॉफी, रात्रीचं जेवण आणि वाइन हे सगळं एकाच स्वयंपाकघरातून निघतं. म्हणून तुम्हाला ते हवं असतं आणि ते योग्यच आहे.

माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. इटालियन हवं हे ठरलं की तुम्ही चार-पाच जणांकडून बोली मागवता आणि सर्वांत जास्त भाडं कबूल करणाऱ्याला जागा देऊन मोकळे होता. दुकानाच्या बाबतीत ही पद्धत एक वेळ खपते. रेस्टॉरंटच्या बाबतीत ती नेमका चुकीचा भाडेकरू निवडते. सर्वांत मोठा आकडा सहसा ज्याचं स्वयंपाकघर सर्वांत चांगलं चालतं तो देत नाही. ज्याच्या खिशात दुसऱ्याचे पैसे आहेत तो देतो.

ब्रिटनमध्ये हा खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून झाला आहे, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. पिझ्झा एक्स्प्रेस १९६५ मध्ये पीटर बॉइझट यांनी लंडनच्या सोहो भागात सुरू केलं. एक जागा, नेपल्सहून आणलेली भट्टी. या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चित्र पार पालटलं होतं. पिझ्झा एक्स्प्रेस, आस्क आणि झिझी ही तिन्ही नावं गोंडोला या एकाच कंपनीच्या पदराखाली होती आणि गोंडोलामागे सिनव्हेन ही गुंतवणूक कंपनी होती. बेला इटालिया आणि स्ट्राडा ही आणखी दोन नावं काही वर्षं ट्रॅगस नावाच्या दुसऱ्या एका गटाकडे होती. म्हणजे एखाद्या सेंटरने पाच वेगवेगळी इटालियन रेस्टॉरंट आणून "विविधता" साधली असेल, तर भाडं येत होतं ते दोनच खिशांतून. भाडेकरूंची यादी लांब दिसली म्हणजे जोखीम वाटली गेली असं होत नाही. करारावर सही करणाऱ्या कंपनीची मालकी वर कुठपर्यंत जाते, हे तपासायला एक दुपार पुरते. ती दुपार फार थोडे जण काढतात.

मग २०१४-१५ मध्ये ही नावं एकापाठोपाठ एक विकली गेली. पिझ्झा एक्स्प्रेस चीनच्या होनी कॅपिटलने सुमारे ९० कोटी पौंडांना घेतलं, प्रेझो ही आणखी एक इटालियन साखळी अमेरिकेच्या टीपीजीने घेतली, आस्क आणि झिझी ब्रिजपॉइंटकडे गेले; तिन्ही घेणारे गुंतवणूक कंपन्याच. इतकी किंमत मोजून घेतलेली साखळी जिथल्या तिथे थांबू शकत नाही. दर वर्षी इतक्या शाखा उघडू, असं कर्ज देणाऱ्यांना आणि गुंतवणूकदारांना सांगितलेलं असतं. अशा वेळी विस्तार पाहणारा माणूस तुमच्या दारात येतो तेव्हा त्याला जागा हवीच असते. त्या जागेत रोज किती ताटं जातील हा प्रश्न त्याच्यासाठी दुय्यम असतो. तो भाड्याचा आकडा वाढवतो, शेजारच्या सेंटरमधला त्याचा प्रतिस्पर्धीही वाढवतो, आणि तुमचा मूल्यांकन करणारा तोच आकडा "बाजारभाव" म्हणून कागदावर उतरवतो. पुढच्या भाडेवाढीच्या वेळी आधीपासून बसलेल्या भाडेकरूलाही तोच बाजारभाव दाखवला जातो. त्याच्या विक्रीत मात्र एका ताटलीचीही भर पडलेली नसते.

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. प्रसिद्ध शेफ जेमी ऑलिव्हर यांचं जेमीज इटालियन २००८ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झालं, झपाट्याने पसरलं, आणि मे २०१९ मध्ये त्यांचा रेस्टॉरंट गट कोसळला. २५ पैकी २२ रेस्टॉरंट लगेच बंद झाली, सुमारे हजार लोकांची नोकरी गेली. प्रेझोने २०१८ मध्ये ९४ शाखा बंद करायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये आणखी ४६. कार्लुचिओज या इटालियन साखळीने २०१८ मध्ये तिसाच्या आसपास शाखांवर पाणी सोडलं आणि मार्च २०२० मध्ये ती बुडीत कंपन्यांचा कारभार हाती घेणाऱ्या प्रशासकांकडे गेली. त्याच वर्षी बेला इटालियाची मूळ कंपनीही गेली आणि पिझ्झा एक्स्प्रेसने ७३ शाखा बंद केल्या. महासाथीने शेवटचा धक्का दिला हे खरं, पण २०१८ मध्ये महासाथ नव्हती.

यातल्या बऱ्याच कंपन्यांनी सीव्हीए नावाचा मार्ग धरला. कंपनीने धनकोंपुढे तडजोडीचा प्रस्ताव ठेवायचा. मूल्याच्या हिशेबाने ७५ टक्के धनकोंनी तो मान्य केला की उरलेल्यांवरही तो बंधनकारक. जागामालकही धनकोच, पण त्याच्या भविष्यातल्या भाड्याला मतदानात बरीच काट लावून मोजलं जातं. बाकीचे धनको "होय" म्हणतात आणि मालकाचं भाडं त्याच्या मनाविरुद्ध निम्म्यावर येतं, किंवा जागाच परत मिळते. ज्या मोठ्या आकड्यासाठी तुम्ही दुसऱ्या तिघांना नकार दिला होता, तो आकडा असा कागदावरच राहतो. नाकापेक्षा मोती जड झाला की नाक तुटतं, आणि मोतीही हाती लागत नाही.

तो आकडा कागदावर मोठा का हवा असतो, हेही मला ठाऊक आहे. इमारतीची किंमत भाड्याच्या पटीत मोजली जाते, कर्ज त्या किमतीवर मिळतं. म्हणून भाडं कमी करण्याऐवजी तुम्ही सहा महिने, वर्षभर भाडंमाफी देता, फिट-आउटला, म्हणजे आतल्या बांधणी-सजावटीला हातभार लावता, पण करारातला दर मात्र खाली येऊ देत नाही. भाडेकरूला पहिल्या वर्षी हे गोड लागतं. माफी संपते तोवर नवेपणाची गर्दी ओसरलेली असते आणि पूर्ण भाडं सुरू होतं. रेस्टॉरंटची विक्री बहुधा दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा खाली येते. भाडं नेमकं तेव्हाच वर जातं. हा वेळापत्रकाचा दोष आहे आणि तो तुमच्या हातात आहे.

आता पेलवण्याजोगं भाडं म्हणजे किती? या धंद्यात मोघम हिशेब असा आहे की भाडं, देखभाल शुल्क आणि जागेवरचे कर मिळून विक्रीच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत राहायला हवेत. सहा-सात टक्के असतील तर मालक आणि चालक दोघं निवांत झोपतात. बारा-तेराच्या पुढे गेले की भाडं प्रत्यक्षात कर्मचाऱ्यांच्या पगारातून किंवा चीजच्या दर्जातून दिलं जायला लागतं. त्यामुळे बोली उघडण्याआधी त्या जागेत किती विक्री होऊ शकते याचा अंदाज तुम्हीच काढा. खुर्च्या किती बसतील, दिवसात एक खुर्ची किती वेळा भरेल, एका माणसाचं सरासरी बिल किती. तीन आकड्यांचा गुणाकार आहे. शंभर खुर्च्या असतील आणि दिवसाला सरासरी दीड वेळा भरत असतील तर दीडशे माणसं; यापेक्षा जास्त माणसं गृहीत धरून कोणी बोली लावत असेल, तर ती कुठून येणार हे त्याला विचारा. आठवड्याच्या सात दिवसांची सरासरी धरा, फक्त शनिवारची रात्र नको. तुमच्या गुणाकाराला जे भाडं झेपत नाही ते कबूल करणारा माणूस हुशार नसतो, तो तुम्हाला उद्याची रिकामी जागा देत असतो.

किमान भाडं अधिक विक्रीतला वाटा ही पद्धत तुमच्याकडे आहेच, आणि ती मला आवडते. पण तिथेही एक ठिकाणी घोडं पेंड खातं. समजा वर्षाचं किमान भाडं ८० आहे आणि टक्केवारी ८. तर ८० भागिले ०.०८, म्हणजे १००० विक्री होईपर्यंत तुम्हाला वाटा मिळायचा नाही. त्यापुढच्या प्रत्येक शंभरावर ८ तुमचे. ही नैसर्गिक सीमारेषा. पण काही करारांत ती मुद्दाम खाली ओढून ७०० वर ठेवलेली असते आणि किमान भाडं ८० च राहतं. म्हणजे ७०० ते १००० या टप्प्यातल्या विक्रीवर दुहेरी भाडं. कागदावर ही हुशारी दिसते. प्रत्यक्षात यातून चालकाला विक्री लपवण्याचं कारण मिळतं, आणि मग तुम्हाला लेखापरीक्षक पाठवावे लागतात. उलट किमान भाडं थोडं उतरवून टक्केवारी थोडी चढवलीत, तर मंदीत भाडेकरू तगतो आणि तेजीत तुम्हाला जास्त मिळतं.

विक्रीत काय धरायचं हेही नीट लिहा. घरपोच मागवलेला पिझ्झा त्याच भट्टीतून निघतो, पण त्याच्या बिलातला मोठा तुकडा डिलिव्हरी ॲप कापून घेतं. पूर्ण बिलावर तुम्ही वाटा मागितला, तर चालकाच्या हाती आलेल्याच नाहीत अशा पैशांवर तो भाडं देतो. ॲपचं कमिशन वजा करून उरलेल्यावर वाटा घ्या. आणि वाटा घेत असाल तर डिलिव्हरीवाल्यांना उभं राहायला जागा, गाडी लावायला चार फूट आणि मागचं दारही द्या. सुरक्षारक्षकाकडून त्यांना हुसकावून लावायचं आणि महिनाअखेरीस त्यांच्याच फेऱ्यांवर वाटा मागायचा, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

भाडं एकदा चढलं की खाली यायचंच नाही, असा फेरआढावा काही देशांत दीर्घ करारांत रूढ आहे. आयर्लंडने २८ फेब्रुवारी २०१० पासून नव्या व्यापारी भाडेकरारांत "फक्त वरच" जाणाऱ्या अशा फेरआढाव्याला बंदी घातली. इंग्लंड आणि वेल्ससाठी तशीच तरतूद सरकारने २०२५ च्या विधेयकात आणली. आयर्लंडमध्ये त्यानंतर जागा बांधणं किंवा भाड्याने देणं काही थांबलं नाही. कायदा यायची वाट न पाहता ही ओळ करारातून काढता येते.

आता स्वयंपाकघराकडे येतो. बऱ्याच भांडणांचा उगम तिथे असतो.

जी जागा तुम्ही "रेस्टॉरंटसाठी योग्य" म्हणून दाखवता ती बहुतेक वेळा कपड्यांच्या दुकानासाठी बांधलेली असते. छान काच, उंच छत, थोडी वीज, एक बेसिन. इटालियन स्वयंपाकघराला काय लागतं ते बघा. पास्ता उकळण्याची मोठी भांडी दिवसभर वाफ सोडत असतात. ती वाफ बाहेर गेली नाही तर छताच्या पत्र्यावर पाणी धरतं. तेलकट सांडपाण्यासाठी ग्रीज ट्रॅप हवा, आणि तो साफ करायला येणारी गाडी कुठे उभी राहणार हे ठरलेलं हवं. जमिनीखालून सांडपाण्याची नळी न्यायची तर उतार हवा. खाली पार्किंग असेल तर नळी कोणाच्या डोक्यावरून जाणार? आणि भट्टी. नेपल्सच्या पारंपरिक पिझ्झाचे जे नियम युरोपीय संघाने २०१० मध्ये नोंदवले, त्यांत भट्टीचं तापमान सुमारे ४८५ अंश सेल्सियस आणि भाजण्याचा वेळ ६० ते ९० सेकंद आहे. इतक्या उष्णतेची विटांची, घुमटाची भट्टी एका टनाच्या पुढे सहज जाते. दुसऱ्या मजल्याची फरशी तेवढं वजन एका ठिकाणी पेलेल का, हे करारावर सही होण्याआधी बांधकाम अभियंत्याला विचारायचं असतं. भट्टी ट्रकमधून उतरल्यावर विचारून उपयोग नसतो.

लाकडावरची भट्टी असेल तर प्रश्न आणखी वाढतो. स्वयंपाकघरांच्या धुराड्यांसाठी अमेरिकेत वापरला जाणारा एनएफपीए ९६ हा मानक सांगतो की लाकूड-कोळशासारख्या घन इंधनाच्या चुलीचा धूर इतर उपकरणांच्या धुरात मिसळायचा नाही. त्याचा मार्ग वेगळा हवा. कारण उघड आहे: तळणीचा धूर नेणाऱ्या डक्टमध्ये, म्हणजे नळीत, तेलाचा थर बसलेला असतो आणि लाकडाच्या धुरातून ठिणगी येऊ शकते. म्हणजे छतापर्यंत दोन स्वतंत्र मार्ग. मधल्या मजल्यावरचा भाडेकरू आपल्या जागेतून डक्ट जाऊ देईल का? साफसफाईचं झाकण त्याच्या फिटिंग रूममध्ये उघडणार का? या प्रश्नांची उत्तरं फक्त तुमच्याकडे असतात, भाडेकरूकडे नाही. तरीही करारात एका ओळीत "सर्व परवानग्या आणि व्यवस्था भाडेकरूची जबाबदारी" असं लिहून तुम्ही हात झटकता. भाड्याचं घड्याळ ताबा दिल्याच्या दिवशी सुरू होतं आणि डक्टची परवानगी पाच महिन्यांनी येते. त्या पाच महिन्यांचं भाडं ज्याने भरलं, त्याच्याकडे उघडण्याच्या दिवशी खेळतं भांडवल उरलेलं नसतं. भाडं परवानग्या हाती आल्यावर सुरू करा. तेवढ्या एका बदलाने बरीच रेस्टॉरंट पहिल्या वर्षी मरायची वाचतील.

इंग्लंडने १ सप्टेंबर २०२० पासून दुकान आणि रेस्टॉरंट यांना वापराच्या एकाच वर्गात, म्हणजे क्लास ई मध्ये टाकलं. दुकानाचं रेस्टॉरंट करायला वापर बदलण्याची वेगळी परवानगी लागेनाशी झाली. चांगलं पाऊल आहे. पण कागदावरचा वर्ग बदलल्याने भिंतीत धुराडं उगवत नाही.

वासाचंही तसंच. शेजारच्या साड्यांच्या किंवा सुटांच्या दुकानात लसणाचा वास गेला की तक्रार तुमच्याकडे येते आणि तुम्ही भाडेकरूला नोटीस पाठवता. बहुतेक वेळा दोष हवेच्या दाबाचा असतो: स्वयंपाकघरातून जितकी हवा बाहेर ओढली जाते त्याच्या हिशेबात ताजी हवा आत कुठून आणि किती यायची, हे मॉलच्या वातानुकूलनाशी जुळवावं लागतं. रेस्टॉरंटमधला दाब मॉलच्या मार्गिकेपेक्षा थोडा कमी राहिला तर वास बाहेर पडत नाही; फारच कमी झाला तर ते तुमची थंड हवा ओढून घेतं आणि दार उघडायला जोर लावावा लागतो. दोन्ही यंत्रणांचे अभियंते एका खोलीत बसले तर हे सुटतं. नोटिशीने सुटत नाही.

वेळेचा मुद्दा थोडक्यात. दुकानं नऊला मिटतात. रेस्टॉरंटची खरी कमाई तेव्हा रंगात आलेली असते. बाहेरून स्वतंत्र दार नसेल, मार्गिकेतले दिवे मालवले जात असतील, पार्किंगचा माणूस निघून जात असेल, तर तुम्ही त्या भाडेकरूचा रोजचा दीड तास कापून घेता आणि भाडं पूर्ण आकारता. उशिरापर्यंतच्या वातानुकूलनाचा जादा आकार लावायचा असेल तर तो आधीच आकड्यात सांगा. देखभाल शुल्काच्या वार्षिक बिलात तो पहिल्यांदा दिसणं बरं नाही.

आणि आता ते कलम, जे वाचून माझं डोकं दर वेळी फिरतं: मुदत संपल्यावर जागा "मूळ स्थितीत", म्हणजे नुसत्या भिंती आणि सिमेंटची जमीन अशा अवस्थेत परत करायची. भाडेकरूने स्वतःच्या पैशाने छतापर्यंत डक्ट नेलं, ग्रीज ट्रॅप बसवला, विजेचा भार वाढवून घेतला, गॅसची लाइन आणली. त्या जागेत पुढचाही रेस्टॉरंटवालाच येणार, हे तुम्हालाही माहीत असतं. तरी ते सगळं उखडून न्यायला लावायचं आणि पुढच्याला तेच पुन्हा बसवायला लावायचं! इटालियन स्वयंपाकघर पुढच्या कोणत्याही प्रकारच्या स्वयंपाकघराला बऱ्यापैकी चालतं. हे सारं जागेतच राहू द्या, त्याची ठरलेली घसारा-किंमत जाणाऱ्याला द्या, येणाऱ्याकडून वसूल करा. रिकामी जागा महिनोन्‌महिने पडून राहण्यापेक्षा हे तुम्हालाच स्वस्त पडेल.

जागेची मालकी आणि स्वयंपाक यांचं नातं किती नाजूक असतं, हे अमेरिकेच्या ऑलिव्ह गार्डनवरून दिसतं. १९८२ मध्ये ऑर्लँडोत सुरू झालेली ही साखळी डार्डन कंपनीची. २०१४ मध्ये स्टारबोर्ड या गुंतवणूक फंडाने जवळपास तीनशे पानांचं सादरीकरण करून व्यवस्थापनाचे वाभाडे काढले. त्यात एक गोष्ट गाजली: भांड्यांची वॉरंटी लांबावी म्हणून पास्त्याच्या पाण्यात मीठ घालणंच बंद केलं होतं. (वॉरंटीसाठी अळणी पास्ता! हिशेबनीसाने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की असंच होतं.) भागधारकांनी सगळं संचालक मंडळ बदललं, आणि २०१५ मध्ये ४१८ जागा फोर कॉर्नर्स नावाच्या वेगळ्या कंपनीत काढून डार्डन स्वतःच्याच जुन्या इमारतींत भाडेकरू झाली. ऑलिव्ह गार्डन तरीही नीट चालली, कारण भाडं विक्रीच्या मानाने माफक ठेवलं होतं. याच डार्डनने २०१४ मध्ये विकून टाकलेल्या रेड लॉबस्टरच्या जागा त्या व्यवहारात दीड अब्ज डॉलरला तिसऱ्याकडे गेल्या. मे २०२४ मध्ये रेड लॉबस्टरने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा सांगितलेल्या कारणांत बाजारभावापेक्षा महाग पडणाऱ्या लीझचाही समावेश होता. ती मासळीची साखळी होती, इटालियन नव्हे. पण कालपर्यंत दोघी एकाच घरात नांदत होत्या, म्हणून तुलना रास्त आहे.

फूड कोर्टवाल्यांसाठीही एक ओळ. सबारो ही पिझ्झाची साखळी १९५६ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका इटालियन किराणा दुकानातून सुरू झाली आणि पुढे अमेरिकी मॉलच्या फूड कोर्टांवर वाढली. मॉलची गर्दी आटली तशी तीही आटली. २०११ आणि २०१४ असे दोन दिवाळखोरीचे अर्ज. स्वतःसाठी म्हणून कोणी येईल असं कारण त्या तुकड्या-तुकड्याच्या पिझ्झ्यात नव्हतं, ती मॉलची गर्दी खात होती. तुमच्याकडे फुटफॉल, म्हणजे येणाऱ्यांची संख्या, घटत असेल तर असा भाडेकरू तो वाढवून देणार नाही. लोक ज्याच्यासाठी घरून निघतात असा एखादा शोधावा लागेल, आणि तसे बहुतेक जण एका-दोन शाखांचे, बँक हमी देऊ न शकणारे, स्वतः भट्टीपाशी उभे राहणारे असतात.

त्यांनाच तुम्ही सर्वांत आधी चाळणीतून काढता. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब द्या, बारा महिन्यांचं डिपॉझिट द्या, मूळ कंपनीची हमी द्या. मूळ कंपनी म्हणजे तो आणि त्याची बायको. मग परत तीच पाच नावं उरतात. पळसाला पानं तीनच म्हणतात तसं कुठल्याही सेंटरमध्ये जा, तेच फलक. अशा चालकाला अर्ध्या आकाराची जागा द्या, किमान भाडं थोडं, विक्रीतला वाटा जास्त, आणि त्याचे रोजचे विक्रीचे आकडे थेट बिलिंग यंत्रातून बघायची मुभा घ्या. हमीपेक्षा हे आकडे तुम्हाला कितीतरी आधी सावध करतील. साखळीचा ताळेबंद तर वर्षभर शिळा असतो.

जागेच्या दर्शनी भागाबद्दलही एक सुचवतो. अनेक मालकांची तक्रार असते की रेस्टॉरंटने सकाळभर काच अंधारी ठेवली की रांगेतली सगळी दुकानं मेल्यासारखी दिसतात. इटालियन खाण्यात याचं उत्तर मुळातच आहे. कार्लुचिओज १९९९ मध्ये लंडनला सुरू झालं तेव्हा पुढे डेली म्हणजे चीज, तेल, पास्ता यांचं दुकान आणि मागे रेस्टॉरंट अशी त्याची रचना होती. ईटाली (Eataly) या इटालियन खाद्यबाजाराच्या साखळीने २००७ मध्ये ट्यूरिनला वर्मूथच्या जुन्या कारखान्यात हीच कल्पना अवाढव्य आकारात नेली, आणि २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर. पुढचा भाग दुकान म्हणून सकाळपासून उघडा, मागे भट्टी दुपारी पेटते. मात्र वापराच्या कलमात फक्त "रेस्टॉरंट" लिहिलेलं असेल तर तेलाची बाटली विकणंही करारभंग ठरतं. त्या कलमात "आणि खाद्यपदार्थांची किरकोळ विक्री" एवढे चार शब्द घाला.

एकाधिकाराच्या कलमावर आपण बरंच भांडतो. भाडेकरूला दुसरं इटालियन नको असतं, तुम्हाला हात बांधून घ्यायचे नसतात. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एका सेंटरमधल्या पनेरा या सँडविचवाल्या साखळीने सँडविचच्या एकाधिकारावर बोट ठेवून बरीटो (पोळीत सारण गुंडाळलेला मेक्सिकन पदार्थ) विकणाऱ्याला रोखायचा प्रयत्न केला आणि न्यायालयाने बरीटो सँडविचमध्ये मोडत नाही असं ठरवलं. पास्ता तर आज कॉफीच्या दुकानापासून बोलिंग ॲलीपर्यंत सगळीकडे मिळतो. म्हणून पदार्थांची नावं लिहीत बसू नका. ज्याच्या विक्रीतला ठराविक टक्क्यांहून जास्त हिस्सा पिझ्झा-पास्त्याचा आहे असा दुसरा भाडेकरू आणणार नाही, एवढं लिहा. ते मोजता येतं. आणि त्या बदल्यात विक्रीची किमान पातळी मागा: सलग दोन वर्षं ती गाठली नाही तर एकाधिकार संपला. हे आम्हाला मान्य होतं.

जाता जाता एक मागणी. पुढच्या वेळी रेस्टॉरंटसाठी जागा काढाल तेव्हा भाड्याच्या अपेक्षेसोबत एक तांत्रिक पान जोडा: डक्टचा मार्ग छतापर्यंत कसा जातो, मजल्याची भारक्षमता किती, विजेचा मंजूर भार आणि गॅस आहे की नाही, सांडपाण्याचा व्यास, रात्री किती वाजेपर्यंत दार उघडं राहतं, आणि त्या जागेतल्या आधीच्या भाडेकरूची शेवटच्या तीन वर्षांची विक्री. शेवटचा आकडा द्यायला तुम्ही कां-कूं कराल हे मला माहीत आहे. टक्केवारीच्या करारामुळे तो तुमच्याकडे महिन्यागणिक आलेला असतो. तो दाखवलात तर निम्मे बोलीदार आपणहून मागे हटतील आणि उरलेल्यांशी आपण एका बैठकीत करार संपवू.

कळावे,

आपला,
रेस्टॉरंटवाल्यांच्या बाजूने भाडेकरार वाचणारा एक सल्लागार